अमेरिकी विद्यापीठात नोकरी आणि ‘जोखमीच्या’ देशाचा प्रवास : तिकीट काढण्याआधी काय काय करायचं

विद्यापीठात रुजू होऊन जेमतेम एक सेमिस्टर झालेलं असतं. शांघायच्या किंवा मॉस्कोच्या परिषदेचं निमंत्रण येतं, राहण्याचा खर्च तेच करणार असतात, पीआय (प्रकल्पाचे प्रमुख प्राध्यापक) म्हणतात, “अवश्य जा.” आपण उत्साहात तिकीट काढतो आणि दोन दिवसांनी कम्प्लायन्स ऑफिसचं (नियमपालन पाहणाऱ्या कार्यालयाचं) पत्र येतं : परवानगी कुठे आहे? पुणे, नागपूर, कोल्हापूर, मडगावहून अमेरिकेत आलेल्या पोस्टडॉक आणि नव्या असिस्टंट प्रोफेसरांच्या बाबतीत हे वारंवार होताना पाहिलं आहे. नियम अवघड नाहीत, पण ते एका जागी कुणी सांगत नाही. म्हणून क्रमाने लिहिते आहे. विद्यापीठागणिक तपशील बदलतात, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या विद्यापीठाच्या ऑफिसचा.

पहिली पायरी : देश कोणत्या यादीत आहे ते पाहा

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘जोखमीच्या देशांची’ एकच एक यादी नसते. निदान तीन याद्या असतात, प्रत्येकीचं कारण वेगळं असतं, आणि एका यादीत निर्धास्त दिसणारा देश दुसरीत अगदी वर असू शकतो.

पहिली यादी तुमच्या जिवाची काळजी करते. अमेरिकी परराष्ट्र खातं २०१८ पासून प्रत्येक देशाला १ ते ४ पातळी देतं. १ म्हणजे नेहमीची खबरदारी, २ म्हणजे जास्त खबरदारी, ३ म्हणजे जाण्याचा फेरविचार करा, ४ म्हणजे जाऊ नका. बहुतेक विद्यापीठं ३ आणि ४ साठी वेगळी परवानगी मागतात. ४ साठी ती अपवादानेच मिळते.

दुसरी यादी निर्बंधांची. ही अर्थखात्याच्या ‘ओफॅक’ या कार्यालयाकडून येते. क्युबा, इराण, उत्तर कोरिया, तसंच युक्रेनचे क्रायमिया, डोनेत्स्क आणि लुहान्स्क हे रशियाच्या ताब्यातले प्रदेश तिच्यात येतात. इथे प्रश्न तुमच्या सुरक्षिततेचा नसतो. तिथे तुम्ही काय नेता, काय शिकवता, कुणाला कोणती सेवा देता, पैसे कसे देता-घेता, हे सगळं कायद्याच्या कक्षेत येतं. ‘मी भारतीय नागरिक आहे, मला काय’ असं समजू नका. अमेरिकेत हजर असलेली व्यक्ती इराणवरच्या निर्बंधांच्या नियमांत अमेरिकी व्यक्तीच धरली जाते, आणि विद्यापीठाचा लॅपटॉप जगात कुठेही गेला तरी त्याच्यामागे अमेरिकी कायदा जातो.

तिसरी यादी माहितीच्या सुरक्षेची. २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्यात चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया हे संशोधनाच्या दृष्टीने चिंतेचे देश ठरवले आहेत. काही राज्यांनी आपली यादी त्याहून लांब केली आहे.

आता चीनचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये परराष्ट्र खात्याने चीनची पातळी ३ वरून २ वर आणली. पहिली यादी पाहून एखाद्याला वाटेल, चला, आता मोकळं झालं. पण तिसऱ्या यादीत चीन होता तिथेच आहे, आणि विद्यापीठाचं आयटी खातं तुमचा रोजचा लॅपटॉप तिकडे नेऊ देणार नाही. उलट एखाद्या देशात यादवी चाललेली असते, तिथली पातळी ४ असते, पण तंत्रज्ञान चोरीची भीती फारशी नसते. तिथे विमा आणि सुटकेची सोय हाच खरा प्रश्न असतो. म्हणून तिन्ही याद्या वेगवेगळ्या तपासायच्या, आणि विमान बदलण्यासाठी जिथे थांबणार आहात ते शहरही तपासायचं. निर्यातीच्या नियमांत हाँगकाँग हे चीनमध्येच धरलं जातं.

दुसरी पायरी : तुमच्या राज्याचा कायदा

खासगी विद्यापीठात असाल तर ही पायरी बहुधा लवकर संपेल. सरकारी विद्यापीठात असाल तर मात्र नीट वाचा, कारण तुम्ही तिथे राज्याचे कर्मचारी असता. टेक्सासच्या गव्हर्नरांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या आदेशाने (जीए-४८) राज्याच्या कर्मचाऱ्यांना ‘परकीय शत्रुराष्ट्रांत’ कामासाठी जायला बंदी केली. त्या वेळच्या यादीत हाँगकाँगसह चीन, क्युबा, इराण, उत्तर कोरिया, रशिया आणि व्हेनेझुएलातली मादुरो राजवट होती. याच आदेशात खासगी प्रवासही आधी कळवायचा आणि परतल्यावर त्याची माहिती द्यायची असं आहे. हनिमूनला किंवा आई-वडिलांना घेऊन बीजिंगला गेलात तरीही. फ्लोरिडात २००६ पासून दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या प्रवासावर सरकारी विद्यापीठांचा पैसा खर्च करता येत नाही, आणि २०२१ च्या कायद्याने १ कोटी डॉलर किंवा त्याहून मोठं संशोधन-बजेट असलेल्या राज्य विद्यापीठांना परदेश प्रवासाची आधी छाननी करणं बंधनकारक केलं.

नोकरीच्या दोन ऑफर हातात असतील आणि तुमचं काम चीन किंवा इराणशी निगडित असेल, तर राज्याचा कायदा सही करण्याआधीच वाचावा असं माझं ठाम मत आहे.

तिसरी पायरी : फॉर्म भरा, पण त्याआधी बोला

बहुतेक विद्यापीठांत परदेश प्रवासाची नोंदणी ऑनलाइन होते. देश, तारखा, खर्च कोण करणार, सोबत काय नेणार, कुणाला भेटणार. जोखमीचा देश निवडलात की फॉर्म आपोआप एक्स्पोर्ट कंट्रोल ऑफिसरकडे (तंत्रज्ञान देशाबाहेर जाण्याचे नियम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) आणि सुरक्षेच्या ऑफिसकडे जातो. काही ठिकाणी डीन, काही ठिकाणी प्रोव्होस्टपर्यंत (विद्यापीठाच्या शैक्षणिक प्रमुखापर्यंत).

पीआयचं ‘हो’ ही परवानगी नव्हे. आपल्याकडे गाइडने होकार दिला की काम झालं असं धरायची सवय असते. इथे पीआयला स्वतःलाही तोच फॉर्म भरावा लागतो.

दोन-तीन महिने हाताशी ठेवा. सरकारी परवाना लागणार असेल तर त्याहून जास्त. आणि फॉर्म भरण्याआधी एक्स्पोर्ट कंट्रोल ऑफिसरला सरळ फोन करा किंवा भेटा. ही माणसं प्रवास अडवायला बसलेली नसतात. बहुतेक वेळा ती ‘हे उपकरण इथेच ठेवा, ही स्लाइड काढा आणि बिनधास्त जा’ असंच सांगतात. आधी विचारलेलं असलं की पुढे काही झालं तर विद्यापीठ तुमच्या बाजूने उभं राहतं.

चौथी पायरी : लॅपटॉप, फोन आणि डोक्यातली माहिती

या पायरीवर थोडा वेळ द्या, कारण खरी शिक्षा झालेली प्रकरणं इथली आहेत.

टेनेसी विद्यापीठाचे प्लाझ्मा-भौतिकीचे प्राध्यापक जे. रीस रॉथ २००६ मध्ये व्याख्यानांसाठी चीनला गेले. ते अमेरिकी हवाई दलाच्या पैशातून मानवरहित विमानांसाठीच्या तंत्रज्ञानावर काम करत होते, आणि त्या प्रकल्पाची नियंत्रित (परवान्याशिवाय परदेशी व्यक्तीला देता न येणारी) माहिती त्यांच्यासोबत गेली. शिवाय प्रयोगशाळेतल्या एका चिनी आणि एका इराणी विद्यार्थ्याला ती माहिती परवान्याशिवाय मिळू दिली होती. २००८ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं आणि २००९ मध्ये चार वर्षांची कैद झाली.

यातून नव्या माणसाने दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक, लॅपटॉप विमानातून नेणं हीच ‘निर्यात’ असते. फाइल कुणाला दिली नाही, उघडलीही नाही, हा बचाव होत नाही. परदेशात बसून विद्यापीठाच्या सर्व्हरवरची नियंत्रित फाइल उघडली तर तीही निर्यातच. दोन, निर्यात अमेरिकेच्या आतही होते. नियंत्रित तंत्रज्ञान परदेशी नागरिकाला समजावून सांगितलं की कायदा ते त्याच्या देशाला निर्यात झालं असं मानतो. हा नियम तुम्हा-आम्हाला, भारतीय पासपोर्टवर काम करणाऱ्यांना, पहिल्या दिवसापासून लागू असतो. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नेमणुकीच्या वेळी विद्यापीठाने अर्जासोबत याच मुद्द्यावर एक कागद भरलेला असतो.

मग सगळंच बंद का? नाही. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या एका निर्देशापासून (एनएसडीडी-१८९) अमेरिकेचं धोरण असं आहे की ज्या मूलभूत संशोधनाचे निकाल मोकळेपणाने छापले जातात त्यावर बंधन घालायचं नाही. त्यामुळे प्रसिद्ध झालेला पेपर, पाठ्यपुस्तकातलं ज्ञान, खुल्या परिषदेतलं भाषण चालतं. पण ही सूट निकालांना आहे. उपकरणांना, काही प्रकारच्या सॉफ्टवेअरला, आणि ज्या प्रकल्पाच्या करारात ‘छापण्याआधी आमची संमती घ्या’ असं कलम आहे त्याला ती मिळत नाही. कंपनीच्या पैशावरचा प्रकल्प असेल तर करार वाचल्याशिवाय स्लाइड बनवू नका.

प्रत्यक्ष करायचं ते असं. चीन, रशियासारख्या देशांसाठी आयटीकडून लोनर (तात्पुरता वापरायला मिळणारा) लॅपटॉप घ्या. त्यात फक्त सादरीकरण आणि लागतील तेवढ्याच फाइली. संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असणं चांगलं, पण एन्क्रिप्शन घेऊन आत जाण्यावर चीन, रशिया, बेलारूस यांचे स्वतःचे नियम आहेत. म्हणून रिकामा लॅपटॉप हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग. कामाचं साधन म्हणून लॅपटॉप तात्पुरता बाहेर नेण्यासाठी निर्यात नियमांत ‘टीएमपी’ नावाची सवलत आहे : तो एका वर्षाच्या आत परत यायला हवा आणि कायम तुमच्या ताब्यात किंवा कुलूपबंद असायला हवा. निर्बंधांखालच्या देशांसाठी मात्र या सवलतीवर विसंबू नका, तिथे परवानगीचा वेगळा विचार करावा लागतो. थर्मल कॅमेरा, खास सेन्सर, प्रोटोटाइप असं काही नेणार असाल तर प्रत्येक वस्तूची वेगळी तपासणी होते आणि तिला वेळ लागतो.

फोनचा विसर सगळ्यांनाच पडतो. खासगी फोनवर विद्यापीठाचा मेल आणि क्लाउड चालू असतो, म्हणजे लॅपटॉप रिकामा करून काही साधलं नाही. जुना फोन, नवं सिम आणि मेलशिवायची सेटिंग हे उत्तम. लॉगिनसाठी ड्युओ (फोनवरून ओळख पटवणारं ॲप) वापरत असाल तर निघण्याआधी आयटीला विचारा. निर्बंधांखालच्या देशांच्या इंटरनेट पत्त्यावरून ड्युओ लॉगिन होऊच देत नाही.

पाचवी पायरी : निमंत्रणपत्र ओळ न् ओळ वाचा

तिकीट कोण देतंय? मानधन आहे का? ‘अतिथी प्राध्यापक’ वगैरे पद आहे का? दरवर्षी अमुक महिने येऊन राहा असं काही आहे का? संघराज्याच्या निधीवर काम करणाऱ्याला परदेशी पदं आणि परदेशातून मिळालेला पाठिंबा कळवावा लागतो, आणि चिंतेच्या देशांनी चालवलेल्या काही ‘टॅलेंट’ योजनांत (परदेशातले संशोधक आपल्याकडे ओढणाऱ्या) भाग घ्यायला चिप्स कायद्याने मनाई आहे. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लिबर यांना डिसेंबर २०२१ मध्ये दोषी ठरवलं गेलं ते वुहानला गेल्याबद्दल नव्हे. तिथल्या विद्यापीठाशी आणि चीनच्या योजनेशी असलेल्या संबंधांबद्दल सरकारला खोटं सांगितलं आणि ते उत्पन्न व बँक खातं दडवलं, याबद्दल. शंका असेल ते सगळं लिहून कळवा. मोफत हॉटेलसुद्धा.

निमंत्रण देणारी संस्था वाणिज्य खात्याच्या ‘एंटिटी लिस्ट’मध्ये (निर्यातीवर बंधनं घातलेल्या संस्थांच्या यादीत) आहे का, हेही ऑफिसकडून तपासून घ्या. चीनमधली काही मोठी, नावाजलेली विद्यापीठं तिच्यात आहेत.

सहावी पायरी : परत येता येईल ना?

अमेरिकी सहकाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, म्हणून तुमच्या ऑफिसातही तो कुणी विचारणार नाही. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर बाहेर पडल्यावर नवं स्टँपिंग लागतं. पूर्वी परिषदेला गेलेल्या देशातच स्टँपिंग उरकता यायचं. सप्टेंबर २०२५ पासून परराष्ट्र खात्याचा आदेश असा की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करायचा. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) अर्जदारांच्या समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या कितीतरी जणांच्या अपॉइंटमेंट कित्येक महिने पुढे गेल्या. संवेदनशील विषयात काम करणाऱ्यांची फाइल व्हिसा कायद्याच्या कलम २२१(जी) खाली जास्तीच्या तपासणीला जाऊ शकते, आणि तिला ठरलेली मुदत नसते.

तेव्हा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर जोखमीच्या देशाचा प्रवास या वर्षी नको, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. शिक्का चालू असेल तरी आय-७९७ (एच-१बी मंजुरीचा कागद) किंवा सही केलेला डीएस-२०१९ (जे-१ व्हिसाचा कागद), नेमणुकीचं पत्र आणि परवानगीची प्रत सोबत ठेवा. अमेरिकेत परतताना विमानतळावर सीमा अधिकारी उपकरणं तपासू शकतात. २०१८ च्या त्यांच्याच निर्देशानुसार त्यांनी फक्त उपकरणात साठवलेलं पाहायचं असतं, क्लाउडमधलं नाही. पण फोन उघडून द्यायला नकार दिला तर व्हिसाधारकाला परत पाठवता येतं, हे लक्षात असू द्या.

सातवी पायरी : विमा आणि दूतावास

विद्यापीठाच्या प्रवास विम्यात युद्ध आणि पातळी ४ चे देश वगळलेले असू शकतात. ‘वैद्यकीय सुटका’ आणि ‘सुरक्षेसाठी सुटका’ या दोन वेगळ्या सोयी आहेत, दोन्ही आहेत का ते विचारा. आणि तुम्ही भारतीय नागरिक असाल तर संकटात तुमचा दूतावास भारताचा, अमेरिकेचा नव्हे. अमेरिकी दूतावासाचा नंबर विद्यापीठाच्या कार्डावर छापलेला असेल, तो तुमच्या उपयोगाचा नाही. जिथे जाणार तिथल्या भारतीय दूतावासात नोंद करा, आणीबाणीचा नंबर कागदावर लिहून घ्या. २०२२ मध्ये युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’, २०२३ मध्ये सुदानमधून ‘कावेरी’, जून २०२५ मध्ये इराण-इस्रायलमधून ‘सिंधू’ : या मोहिमांत दूतावासाला आपला ठावठिकाणा माहीत असणं फार मोलाचं होतं.

‘माझा विषय इतिहास आहे, मला कोण पकडणार’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. प्रिन्स्टनचा पीएच.डी.चा विद्यार्थी शीयुए वांग इराणमध्ये एकोणिसाव्या शतकाची कागदपत्रं वाचायला गेला होता. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याला अटक झाली, हेरगिरीच्या आरोपावरून दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला. अभिलेखागारात काम करणाऱ्यांनी, मुलाखती घेणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी ही पायरी अभियंत्यांपेक्षाही गांभीर्याने घ्यावी. मुलाखतींचं रेकॉर्डिंग पकडलं गेलं तर धोका तुमच्यापेक्षा बोलणाऱ्यांना जास्त असतो.

तिथे असताना

हॉटेलच्या वायफायवर मेल उघडू नका, कुणी दिलेला पेनड्राइव्ह लावू नका, लॅपटॉप खोलीत टाकून जेवायला जाऊ नका. लष्करी ठाणी, पूल, निदर्शनं यांचे फोटो नकोत. चीनचा हेरगिरीविरोधी कायदा जुलै २०२३ पासून आणखी व्यापक झाला आहे, ‘राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित’ कागदपत्रं कोणती याची व्याख्या तिथल्या यंत्रणेच्या हाती आहे. कुणी फार आपुलकीने अप्रकाशित कामाबद्दल विचारू लागलं तर ‘छापून आलं की पाठवतो’ एवढं उत्तर पुरतं.

भारतात जाताना

भारत तिसऱ्या यादीत नाही, आणि २०१८ पासून अमेरिकेने त्याला निर्यातीत वरचा, एसटीए-१ (काही वस्तूंना परवान्यातून सवलत देणारा) दर्जा दिला आहे. तरी काही तंत्रज्ञानांना परवाना लागतोच, म्हणून दिवाळीला घरी जाताना प्रयोगशाळेचा लॅपटॉप उचलू नका. पहिल्या यादीत भारताची पातळी २ आहे, पण काही भागांबद्दल वेगळा इशारा आहे. त्यात जम्मू-काश्मीर आहे, मणिपूर आहे आणि नक्षलवादाच्या कारणाने पूर्व महाराष्ट्रही आहे. गडचिरोलीत सार्वजनिक आरोग्याचं फील्डवर्क करणाऱ्याच्या फॉर्मवर त्यामुळे प्रश्न उभे राहतात. स्थानिक संस्थेचं पत्र, प्रवासाचे मार्ग आणि राहण्याची जागा आधीच जोडली तर काम सोपं होतं.

सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीचसारखं उपग्रहाने संदेश पाठवणारं उपकरण परवान्याशिवाय भारतात नेऊ नका. अमेरिकेत ते ट्रेकच्या दुकानात मिळतं आणि विद्यापीठं फील्डवर्कसाठी आवर्जून देतात, पण डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला त्यासाठीच पोलिसांनी धरलं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असेल तर भारतात संशोधन करायला मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार खास परवानगी लागते. आणि वनस्पती, माती-पाण्यातले सूक्ष्मजीव यांचे नमुने न्यायचे असतील तर २००२ चा जैवविविधता कायदा अनिवासी भारतीयांनाही परदेशी संशोधकांच्याच रांगेत बसवतो.

परतल्यावर

लोनर लॅपटॉप विद्यापीठाच्या नेटवर्कला न जोडता तसाच आयटीच्या हाती द्या, ते तो पुसून काढतात. तिथे वापरलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या, न नेलेल्या उपकरणावरून बदला. राज्याच्या नियमात परतल्यावरचा अहवाल असेल तर त्याच आठवड्यात द्या. यजमानांनी दिलेल्या भेटवस्तू, मानधन आणि नंतर आलेले ‘एकत्र काम करू’ असे प्रस्ताव कळवा. परवानगीचे मेल, बोर्डिंग पास आणि दाखवलेल्या स्लाइड्सची प्रत किमान पाच वर्षं सांभाळून ठेवा. निर्यात नियमांत नोंदी ठेवायची मुदत तेवढी आहे, निर्बंधांच्या नियमांत तर ती मार्च २०२५ पासून दहा वर्षं झाली आहे. पुढच्या ग्रँटच्या अर्जात परदेशी संबंधांची यादी भरायची वेळ येते तेव्हा हीच फाइल उघडावी लागते.